मांडवीवर १४ तास : एका पोकरच्या दिवसाचा जमाखर्च

आजरा घनसाळ
शनिवारची गोष्ट आहे, लिहायला मंगळवार उजाडला. आधीच सांगून टाकतो, ही जिंकल्याची गोष्ट नाही. धड हरल्याचीही नाही.

आमच्या घरी गोकुळाष्टमीला आणि दिवाळीत तीन पत्ती व्हायचीच. पैसे लावायला आजीची बंदी, म्हणून काजूच्या बिया लावायचो आणि रात्री उशिरा त्याच भाजून खायचो. पोकर शिकलो पुण्यात नोकरीला लागल्यावर. मग ते फोनवर आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा ते एका दिवसात बंद पडलं. ॲपमधले उरलेले पैसे खात्यावर परत आले, सवय तेवढी माझ्याकडंच राहिली. म्हणून गोवा.

शुक्रवारी रात्री तिघं निघालो. आंबोली उतरून सावंतवाडीत चहा, पुढं बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. एक मित्र रूलेटवाला, दुसरा नुसता जेवायला आलेला. (शेवटी त्याचाच दिवस सगळ्यात चांगला गेला. एकदा भरलेल्या पैशात जेवणखाण आलं होतं आणि त्यानं ते पुरेपूर वसूल केलं.) जेट्टीवर ओळखपत्र दाखवायचं, २१ पूर्ण आहेत का ते बघतात, मनगटावर पट्टी बांधतात आणि छोट्या बोटीनं मांडवीत उभ्या कॅसिनोच्या जहाजावर सोडतात. पाचेक मिनिटांचा प्रवास. ही छोटी बोट लक्षात ठेवा.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं हातात, पाच पानं टेबलावर सगळ्यांची सामायिक, त्यातून पाच पानांचा डाव करायचा. टेबलावर आधी तीन पानं उघडतात, तो फ्लॉप; मग चौथं, टर्न; मग पाचवं, रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे (बेट), समोरच्याएवढेच घालून पुढं जायचं (कॉल), वाढवायचे नाहीतर पानं टाकायची. रूलेटमध्ये तुमच्यासमोर कॅसिनो असतो. एका शून्याच्या चाकावर तो लांबच्या हिशेबात शेकडा २.७ घेतोच, तुम्ही कितीही हुशार असा. पोकरमध्ये समोर दुसरे खेळाडू असतात आणि कॅसिनो फक्त प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशातून, आपला वाटा कापतो. त्याला रेक म्हणतात. आमच्या टेबलावर पाच टक्के होता, वर कमाल मर्यादा. बघताना फार वाटत नाही. पण एका डावाला सरासरी ३०० रुपये कापले असं धरलं आणि तासाला २८ डाव धरले, तर तासाला ८,४०० होतात. १४ तासांचे १,१७,६००. एवढे पैसे आमच्या नऊ जणांच्या खिशांतून कुणीही न हरवता गेले.

नाव लिहून सव्वा तास थांबलो, तीनला खुर्ची मिळाली. १००-२०० चे ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी पाळीपाळीनं पानं बघायच्या आधीच टाकायचे सक्तीचे पैसे. २०,००० चे चिप्स घेतले.

लोकांना वाटतं पोकर म्हणजे काळा चष्मा, समोर चळती आणि दर पाच मिनिटांनी ऑल-इन, सगळे चिप्स एकदम. प्रत्यक्षात पानं टाकणं हाच मुख्य उद्योग. सत्ती-दुर्री, टाका. नव्वी-चौकी, टाका. राजा-तिर्री, जरा बघा, टाका. फोनवर दोन टेबलं उघडून तासाला दीडशे डाव बघायची सवय लागलेल्या माणसाला इथं पहिल्या तासात अंगावर मुंग्या चढतात. डीलर पानं पिसणार, वाटणार, कुणीतरी विचार करणार, कुणाचा तरी समोसा येणार, कुणाला आपली पाळी आली हेच माहीत नसणार. दिवसभरात मी साधारण ३९० डाव बघितले असतील. खेळलो त्यातले जेमतेम सत्तर. उरलेल्या वेळात करायचं काय? माणसं बघायची.

माझ्या डाव्या हाताला हैदराबादचा एक पोरगा, पूर्वी ऑनलाइन खेळून घर चालवायचा म्हणे. बोलला फार नाही, पण चिप्स दोन बोटांत असे खेळवायचा की बघत राहावं. समोर लग्नाआधीची पार्टी करायला आलेले दोघं, पानं न बघताच स्ट्रॅडल (हौसेनं टाकलेला दुप्पट ब्लाइंड) टाकणारे. त्यांच्यामुळं टेबल चालू होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं सगळे त्यांच्याशी फार गोड बोलत होते. आणि तीन नंबरच्या खुर्चीवर काका. पांढरा शर्ट, मनगटाला रुद्राक्ष, सुरतचे. दारूच्या जहाजावर बसून गरम पाणी पिणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. तासाला दोन डाव खेळायचे. खेळले की जिंकायचे, नाहीतर पहिल्याच बेटला पानं टाकायचे. दाखवलं तेव्हा पान खरंच निघालं.

संध्याकाळी सहापर्यंत २०,००० चे ११,००० झाले होते, काही विशेष न घडता. ब्लाइंड, दोन फसलेले ड्रॉ (एका पानासाठी अडलेले डाव), एक मूर्ख कॉल. अजून १०,००० घातले. मग सातच्या सुमाराला सत्ती-सत्ती आली आणि फ्लॉपवर राजा-सत्ती-दुर्री. हातात जोडी असली की फ्लॉपवर तिसरं पान साडेआठ वेळांतून एकदाच मिळतं. लग्नवाल्यांपैकी एकाकडं एक्का-राजा होता आणि सोडायची त्याची तयारी नव्हती. एका डावात दुप्पट. त्यानंतर चार तास पानं येत गेली, आणि पानं येतात तेव्हा माणूस ती आपली अक्कल समजतो. एक्का-एक्का दिवसात एकदाच आली (हिशेबानं २२१ डावांत एकदा), मी वाढवलं, सगळ्यांनी टाकलं. कमाई ३०० रुपये. हैदराबादचा पोरगा तेवढ्यात पहिल्यांदा हसला.

रात्री १:४० ला समोर ६१,००० होते. रूलेटवाला मित्र रिकामा होऊन केव्हाच मागं येऊन उभा. म्हणाला, चल. मी म्हटलं, पुढच्या बोटीनं.

तिथं अडचण कुठं आहे बघा. जहाजावरून उठून सरळ चालायला लागता येत नाही. बोट जाते, येते, मध्ये वेळ असतो. म्हणजे उठायचं ठरवलं तरी वीस मिनिटं हातात उरतातच, आणि ती डेकवर उभं राहून कोण घालवणार? एक फेरी होते. फेरीत एखादं बरं पान लागतं. तोवर बोट गेलेली असते. मी त्या रात्री निदान पाच बोटींनी निघालो होतो.

तीन वाजून दहा मिनिटं. काकांनी सुरुवातीच्या जागेवरून १,००० केले. मी बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी पाळी येणारी जागा), इस्पिक एक्का आणि चौकट राणी. बाकी सगळ्यांनी टाकलं, मी कॉल. पॉट २,३००. फ्लॉप किलवर राणी, किलवर अठ्ठी, बदाम तिर्री. काका १,५००, मी कॉल. टर्न चौकट पंजी. काका ४,०००, कॉल. पॉट १३,३००. रिव्हर बदाम अठ्ठी.

काकांनी २०,००० लावले.

बारा तासांत या माणसानं पॉटपेक्षा मोठी बेट एकदाही लावली नव्हती. फोकाची चाल, म्हणजे पान नसताना नुसता आव आणून बेट, एकदाही केली नव्हती. दुपारी चारला मला हे कुणी विचारलं असतं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत मी पानं टाकली असती. पण तेव्हा माझं लक्ष काकांच्या हाताकडं गेलं. चिप्स ढकलताना तो थरथरत होता. मी स्वतःशी म्हटलं, घाबरलाय.

आता गंमत ऐका. थरथरणारा हात म्हणजे बहुतेक वेळा दमदार पान, हे पोकरमधलं जुनं, घासलेलं निरीक्षण आहे. फोक मारणारा माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. पान लागलेला माणूस सुटल्यासारखा होतो आणि हात हलतो. हे मी स्वतः दोघांना शिकवलंय. त्या वेळी बरोबर उलटं वाचलं.

कॉल केला. काकांनी तिर्री-तिर्री उलटली. फ्लॉपलाच सेट (तीन तिऱ्या), रिव्हरला फुल हाउस (तीन तिऱ्या, दोन अठ्ठ्या). एका डावात माझे २६,५०० गेले. काका 'सॉरी बेटा' म्हणाले आणि गरम पाणी मागवलं.

त्यानंतरचे दोन तास सांगण्यासारखे नाहीत. ५:१५ ला उठलो तेव्हा हातात २७,४००. घातले होते ३०,०००. म्हणजे तोटा २,६००. डेकवर आलो तर उजाडायला अजून अवकाश, अटल सेतूचे दिवे चालू, आणि बाजूनं एक होडी कसलाही आवाज न करता गेली. बोटीत आम्ही सहा जण, कुणी कुणाशी बोललं नाही. पणजीत पहिलं उघडलेलं हॉटेल धरलं, सुकी आणि पातळ मिक्स भाजी, पाव, दोन मिरच्या. बिल मित्रानं दिलं. जेवायला आलेल्या मित्रानं.

प्रश्न असा : तो कॉल किती चुकीचा होता? आणि तुम्ही उठता कधी?

निवांत नाना
लिहिलंय छान, पण मूळ मुद्दा राहतोच. जुगार तो जुगार. 'कौशल्याचा खेळ' ही पळवाट आहे.
अवांतर : महाराष्ट्रातसुद्धा १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. अंमलात कधीच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ४७ वर्षं एक कायदा नुसता कपाटात. यावर वेगळा धागा निघेल.

पिसलेली पानं
नाना, पळवाट म्हणा, पण सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. पश्चिम बंगालच्या कायद्यात तर जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज, रमीबरोबर पोकरही नाव घेऊन वगळलंय. अर्थात कौशल्याचा खेळ असला म्हणजे कौशल्य आपल्याकडं आहे असं नव्हे, त्याबद्दल न्यायालय काही बोललेलं नाही.

आता घनसाळरावांचा कॉल. २०,००० घालून ५३,३०० च्या पॉटसाठी खेळताय. म्हणजे शंभरातून साडेसदतीस वेळा तुमचं पान वर असलं तर बरोबरी. काकांकडं तुम्हाला हरवणारं मुख्यतः काय काय असू शकतं ते हातातल्या दोन पानांच्या जोड्या मोजून बघू. एक्का-एक्का : एक एक्का तुमच्याकडं, उरलेल्या तिनांच्या ३ जोड्या. राजा-राजा ६. तिर्रीच्या ३. अठ्ठी-अठ्ठी, दोन टेबलावर गेल्या म्हणून १. राणी-राणी, एक टेबलावर आणि एक तुमच्याकडं म्हणून १. एकूण १४. या चौदांसमोर कॉल परवडायला काकांकडं निदान नऊ फोकाच्या जोड्या पाहिजेत. फसलेले किलवरचे ड्रॉ मोजले तर नऊ भरतीलही : एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-गुलाम, गुलाम-दश्शी वगैरे. हैदराबादचा पोरगा असता तर मी कदाचित कॉल केला असता. काकांच्या बाबतीत ही संख्या शून्य आहे, ते तुम्हीच लिहिलंय.

कुणी म्हणेल काका एक्का-एक्का, राजा-राजावर एवढी मोठी बेट लावणार नाहीत. मान्य. मग हरवणाऱ्या जोड्या पाचच उरतात आणि तीन फोक पुरतात. पण शून्य म्हणजे तीन नव्हे.

आजरा घनसाळ
हे सगळं मला येतं हो. तेच तर दुखणं आहे. दुपारी येतं, पहाटे तीनला येत नाही.

सॅन होजेकर
आमच्याकडं जहाज नाही, कार्डरूम आहेत. कॅलिफोर्नियात पॉटच्या टक्क्यांऐवजी प्रत्येक डावाला ठरावीक डॉलर कापतात, त्यामुळं छोटे पॉट जिंकणं म्हणजे निम्मं कॅसिनोला देणं. वर डीलरला एक डॉलर टिप. मी महिन्यातून दोनदा जातो, कायम सकाळी नऊला. त्या वेळी टेबलावर अर्धे निवृत्त आजोबा असतात, सगळे तुमच्या काकांसारखे. पैसे फार मिळत नाहीत, पण दोनला घरी, मुलीला पोहायला न्यायचं असतं. उठायची वेळ मी ठरवत नाही, तिच्या पोहण्याच्या क्लासनं ठरवलीय.
जाता जाता, ६१ हजारांवरून २७ वर आलात. तुमचे २,६०० गेले की ३३,६०० गेले?

आजरा घनसाळ
वहीत २,६००. पोटात ३३,६००.

सांतिनेज
मी पणजीची. तुमचा धागा वाचताना मजा वाटली कारण आम्ही हे सगळं काठावरून बघतो. रात्री नदीवर इतका उजेड असतो की पूर्वी मांडवी काळी दिसायची हे माझ्या पोराला खरंच वाटत नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या लोकांना आत जायला बंदी आहे, म्हणजे बोटी आमच्या नदीत, आणि आम्ही सोडून सगळे आत. बंदी मला बरीच वाटते, खोटं कशाला बोलू. त्याआधी आमच्या वाड्यावरच्या एका घरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पहिल्यांदा बायकोचं सोनं, मग पिकअप, मग घराची कागदपत्रं. तो पोकर नव्हता खेळत, मशीनवर बसायचा. पण बोट तीच.

कायदा बघाल तर मूळचा १९७६ चा जुगारबंदीचा. १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजांवर टेबलं. जहाजं नदीतून हलवणार, हलवणार असं ऐकत आमची पिढी म्हातारी होईल. दर वेळी मुदतवाढ.

आणि ती न वाजता गेलेली होडी, त्या वेळी निघणारे जाळंवालेच असणार. त्यांना विचारा नदीत जागा किती उरलीय.

निवांत नाना
सांतिनेजताई, +१. हेच म्हणत होतो.

आजरा घनसाळ
ताई, यावर माझ्याकडं उत्तर नाही. होडीकडं मी 'काय शांत दृश्य' म्हणून बघत होतो, हे आता वाचताना लाज वाटतेय.

वाचनमात्र
(पाच वर्षांनी लॉग इन केलंय.) करावर कुणी बोललं नाही. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या पैशावर आयकर सरळ ३० टक्के, वर सेस. स्लॅब नाही. आणि तोटा वजा करता येत नाही. जानेवारीत ५०,००० जिंकलात आणि फेब्रुवारीत ५०,००० हरलात तर तुमच्या दृष्टीनं शून्य, खात्याच्या दृष्टीनं ५०,००० चं उत्पन्न. पेट्रोल, लॉज, भाजी-पाव यांचीही वजावट नाही. 'घर चालवणं' किती अवघड असेल याचा अंदाज यावा म्हणून लिहिलं. आता परत वाचनमात्र.

दोडामार्ग एक्सप्रेस
उशिरा धागा बघितला. मी अशाच एका जहाजावर साडेतीन वर्षं डीलर होते, त्यातली दोन पोकरच्या टेबलावर. कोणत्या जहाजावर ते विचारू नका. आमच्या भागातली खूप पोरं-पोरी तिथं आहेत. पगार वेळेवर, रात्रपाळी, घरी सांगताना 'हॉटेल लाइन'.

तुम्ही आमच्याकडं बघत नाही, आम्ही तुमच्याकडं बघत असतो. अर्धा तास एका टेबलावर, मग दुसऱ्या. उठताना दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायचे, टाळीसारखं, म्हणजे कॅमेऱ्याला कळतं तळहातात काही नाही. अजून घरी चपात्या लाटून झाल्या की माझे हात आपोआप तसे होतात. आई हसते.

डीलरच्या खुर्चीवरून उठायच्या वेळेचं सांगते. दुपारी माणूस पानं उचलून कोपरा दुमडून बघतो, नीट ठेवतो, वर चिप ठेवतो. रात्री बारानंतर तोच माणूस पानं नुसती उचलून बघतो, कधी शेजाऱ्याला दिसतील अशी. तीननंतर मला विचारतो, 'माझ्याकडं काय होतं?' पान टाकल्यावर! पानं बघायची पद्धत बदलली की तो दमलाय. चिप्स किती आहेत यावरून कळत नाही. जिंकणारे जास्त दमलेले असतात आणि त्यांना ते कळत नाही, कारण समोर चळत असते.

आणि पहाटेचं टेबल बघायचं. लग्नवाले किती वाजता उठले?

आजरा घनसाळ
लग्नवाले दोघंही साडेबाराच्या आसपास गेले. खेळून कंगाल, पण हसत.

पिसलेली पानं
म्हणजे साडेबारानंतर टेबलावर कोण उरलं? हैदराबाद, काका, तुम्ही, आणि?

आजरा घनसाळ
बंगळुरूचे दोघं, दोघांनाही खेळ येणारा. आणि एक जण झोपलेला, खुर्ची सोडत नव्हता.

पिसलेली पानं
मग कॉलचा विषयच दुय्यम आहे. ज्यांच्याकडून पैसे येत होते ते साडेबाराला बोटीत बसले. त्यानंतर पाच चांगले खेळाडू एकमेकांचे पैसे इकडून तिकडं फिरवत होते आणि दर डावाला रेक जात होता. लहान टेबलावर ब्लाइंडही लवकर फिरतात. तुम्ही १:४० ला नाही, लग्नवाल्यांच्याच बोटीतून उठायला हवं होतं.

सॅन होजेकर
+१००. आमच्याकडं म्हण आहे (म्हण मीच बनवलीय) : ज्याच्यासाठी बसलात तो उठला की आपणही उठावं.

निवांत नाना
म्हणजे तुमचा 'कौशल्याचा खेळ' म्हणजे न येणाऱ्याला शोधून त्याच्या शेजारी बसणं. एवढं ऐकल्यावर मला मटक्यावाला जास्त प्रामाणिक वाटायला लागलाय. तो निदान गोड बोलत नाही.

आजरा घनसाळ
नाना, हे लागलं. खोडता येत नाही.

रमी सम्राज्ञी
मी सासूबाईंबरोबर रोज दुपारी रमी खेळते, पैशावाचून. त्या ७८ वर्षांच्या. हरायला लागल्या की म्हणतात 'चहा टाक', आणि चहा होईपर्यंत पानं नीट लावून घेतात. मला इतकी वर्षं वाटायचं त्यांना चहाची तल्लफ येते.
घनसाळभाऊ, टेबलावरून मध्ये किती वेळा उठलात? खुर्ची राहते ना?

आजरा घनसाळ
खुर्ची राहते, थोडा वेळ धरून ठेवतात. मी १४ तासांत तीनदा उठलो. दोनदा बाथरूम, एकदा जेवण, तेही दहा मिनिटांत उभ्यानं. तिकडं एवढं मोठं जेवण मांडलेलं, मी दालभात खाऊन पळत परत. तुमच्या सासूबाईंना कोपरापासून नमस्कार.

दोडामार्ग एक्सप्रेस
एक विचारायचं राहिलं. काकांच्या हाताच्या थरथरीवरून एवढं चाललंय. आमच्या जहाजावर तीन नंबरच्या खुर्चीवर एसीचा झोत थेट यायचा. पहाटे तिथं बसणारे सगळेच थरथरायचे, वयस्कर तर फारच. मी शाल घेऊन आलेले पाहुणे बघितलेत. गरम पाण्याचंही कारण तेच असेल. त्यामुळं हात हलला म्हणजे पान लागलं किंवा फोक, यांतलं काहीच नसेल. आधी कधी हात बघितला होता का त्यांचा?

आजरा घनसाळ
नाही. खरं सांगायचं तर त्या डावाआधी बारा तासांत काकांचा हात एकदाही बघितला नव्हता. काय दाखवतात तेवढंच बघायचो.

दोडामार्ग एक्सप्रेस
मग हात सोडा. चिप्स कसे आले ते आठवा. २०,००० मोजून लावले की एकदम ढकलले? मोजले असतील तर कधी मोजले? आम्ही डीलर तेच बघायचो, कारण पॉट आम्हाला सांभाळायचा असतो. नाटक करणारा रिव्हरचं पान बघून मग चिप्सशी चाळा करतो. पान लागलेला माणूस आधीच तयारीत असतो.

आजरा घनसाळ
थांबा, आठवतो.

आजरा घनसाळ
आठवलं. ढकलले एकदम. चार चळती, पाच-पाच हजारांच्या, एकसारख्या. त्या आधीच कापून बाजूला ठेवलेल्या होत्या. टर्नला मी ४,००० चा कॉल केला, तेव्हाच काकांनी शांतपणे त्या चार चळती करून रुद्राक्षाच्या हाताजवळ ठेवल्या. रिव्हरचं पान यायच्या आधी. चळत चळतीवर ठेवल्याचा आवाजसुद्धा आता कानात येतोय.

मी तेव्हा घड्याळ बघत होतो, तीनची बोट गेली का ते.